धोरण सहावं आहे, पण धोरण कुठाय?

गुजरातीत इयत्तेला धोरण म्हणतात. आमच्या आजीची गोष्ट घरात अजून सांगतात, ती लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्याला आली आणि दांडिया बाजारातल्या वाड्यात शेजारच्या बेननी विचारलं, तमारो दियर कया धोरणमां छे, तर आजीला वाटलं दीर राजकारणात आहे आणि हे आपल्याला लग्नाआधी कोणी सांगितलंच नाही. असो. तर माझा मुलगा सध्या धोरण सहामधे आहे आणि त्याच्या शाळेला धोरण नाहीये. म्हणजे कागदावर आहे, छापील आहे, त्यावर माझी सही पण आहे, आणि तेच सांगायला बसलीये.

झालं असं की जूनमधे शाळा उघडल्यावर वाली मीटिंग, म्हणजे पालकसभा, झाली आणि सगळ्यांच्या हातात एकेक कागद दिला. वर लिहिलेलं मोबाईल अँड डिव्हाइस पॉलिसी. आवारात मोबाईल आणायचा नाही, स्मार्टवॉच आणायचं नाही, सापडलं तर जप्त, टर्म संपल्यावर परत, दुसऱ्यांदा सापडलं तर दंड. मग घरासाठी सूचना, जेवताना स्क्रीन देऊ नका, झोपायच्या आधी एक तास तर अजिबातच नको, मुलांसमोर तुम्ही स्वतःही कमी वापरा. मी आनंदाने सही केली, खरंच सांगते, मनात म्हटलं चला कोणीतरी बोललं. त्याच रात्री नऊ चाळीसला क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. उद्याचं लेसन (इकडे गृहपाठाला लेसन म्हणतात) पीडीएफमधे टाकलंय, लिंकवरचा व्हिडिओ बघून प्रश्न पाच ते अकरा वहीत लिहा आणि ॲपवर क्विझ सबमिट करा, सकाळी सातपर्यंत. झोपायच्या आधी एक तास नको म्हणणारा तो कागद तेव्हा माझ्या पर्समधेच होता, फ्रीजवर लावायचा होता अजून.

माझं म्हणणं एवढंच आहे. शाळांच्या ह्या पॉलिश्या मुलाच्या दप्तरातल्या मोबाईलबद्दल दोन पानं बोलतात, आणि शाळा स्वतः मुलासमोर जो स्क्रीन धरते त्याबद्दल चकार शब्द नाही. पहिलं बंधन शाळेनी स्वतःवर घालून घ्यावं. किती वाजेपर्यंत मेसेज टाकणार, दिवसाला किती मिनिटं स्क्रीनवर शिकवणार, त्या वेळात मुलाजवळ कोण असणार आणि त्या बदल्यात काय काढून टाकणार, हे आधी लिहा, मग आमच्याकडून सही घ्या. मुलाच्या मोबाईलचं मग बघू, ते तर आम्हाला पण नकोच आहे.

कोणी म्हणेल एवढं काय त्यात, घरोघरी फोन आहेत. आहेत ना. माझ्या मुलाचा एक मित्र आहे, त्याचे पप्पा रिक्षा चालवतात, स्टेशन, सयाजीगंज, फतेगंज असं दिवसभर. घरात स्मार्टफोन एकच, तो त्यांच्याबरोबर फिरतो कारण भाडं त्याच्यावरच येतं आणि पैसे पण त्याच्यावरच. साडेदहाला ते घरी येतात, तोवर पोरगा झोपलेला. सकाळी उठून बघायचं तर पप्पा सहाची गाडी पकडणाऱ्या लोकांसाठी पाचलाच बाहेर. तो मुलगा आमच्याकडे यायचा आठ वाजता, लेसन काय आहे बघायला, पण मेसेज येणार नऊ चाळीसला. ॲपमधे त्याच्या नावापुढे लाल ठिपका, आणि ते सगळ्या पालकांना दिसतं हं, ही अजून एक कमाल. टीचरनी वर्गात त्याला केअरलेस म्हटलं. त्याचं गणित माझ्या मुलापेक्षा चांगलं आहे हे मला माहितीये कारण आमच्या ओट्यावर बसून तोच समजावतो.

असर म्हणजे मुलांच्या शिक्षणाची देशभर होणारी पाहणी, तिचा २०२४ चा रिपोर्ट खेड्यांचा आहे, शहराचा नाही, पण त्यातली एक गोष्ट शहरालाही लागू पडते असं मला वाटतं. १४ ते १६ वयाच्या जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन आहे. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यातसुद्धा स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. म्हणजे घरात आहे आणि हातात आहे ह्यात फरक आहे, आणि तो फरक मुलीच्या बाबतीत मोठा आहे. आधी दादाचं होऊ दे मग तुला, हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरात बोललं जातं, उगाच नाही म्हणू नका. आणि त्याच रिपोर्टमधे आदल्या आठवड्यात फोनवर काही अभ्यासाचं केलं म्हणणारे ५७ टक्के आणि सोशल मीडिया बघितला म्हणणारे ७६ टक्के. शाळा म्हणते मुलं फोनवर वाया जातायत, मान्य, पण लेसनच्या निमित्ताने रात्री तो फोन हातात देतंय कोण.

ऑगस्ट २०२४ मधे विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हाचं तर विसरता येत नाही. आमच्या भागात लाईट नव्हती, इन्वर्टर पाण्यात, फोन चार्ज करायला लोक ओळखीच्यांकडे वरच्या मजल्यावर जात होते. लाईट आली, फोन लावला, आणि पहिलं काय दिसलं तर ॲपवर तीन असाइनमेंट ओव्हरड्यू. टीचरची चूक नाही, ॲपला आधीच तारखा भरून ठेवलेल्या, त्याला काय माहिती नदीला पूर आलाय. वहीतलं लेसन असतं तर बेननी स्वतःच म्हटलं असतं, बाळा राहू दे.

आता बडोद्याचीच एक गोष्ट सांगते. मला स्वतःला ही फार उशिरा कळली आणि कळल्यावर लाजच वाटली, कारण जगभर अर्थशास्त्राच्या वर्गात ती शिकवतात आणि इथे आमच्या वाली मीटिंगमधे कोणाच्या कानावर नाही. साल २००० च्या सुमारास गुजरात सरकारनी बडोदा शहरातल्या शंभर म्युनिसिपल प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले. दोन वर्षांनी मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या प्रथम संस्थेच्या लोकांनी चौकशी केली तर मुलांसाठी ते वापरणाऱ्या शाळा अगदी मोजक्या. मशीन आहे, खोली आहे, मुलं आहेत, आणि कॉम्प्युटर बंद. मग प्रथमनी काय केलं, चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास दिले, एक तास शाळेच्या वेळात आणि एक तास शाळा भरायच्या आधी किंवा सुटल्यावर, एका कॉम्प्युटरवर दोन मुलं, आणि त्यात गणिताचे खेळ. बरोबर वस्तीतलीच तरुण माणसं ठेवली, पाच दिवसांचं ट्रेनिंग देऊन. त्यांनी गणित शिकवायचं नव्हतं, मुलं खेळतायत ना, अडकली तर नाहीत ना, तेवढं बघायचं. अभ्यास करणारे होते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन, ह्यातल्या पहिल्या दोघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते तुम्हाला आठवत असेल. काही शाळांना हा कार्यक्रम दिला, काहींना दिला नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, म्हणजे तुलना खरी होईल.

निकाल काय आला, तर दुसऱ्या वर्षी गणितात ०.४७ प्रमाण विचलन एवढी वाढ. हे आकडे मला पण कळत नाहीत पटकन, म्हणून असं समजा, शंभर मुलांत बरोबर मधे असलेलं मूल, ज्याच्या पुढे पन्नास मुलं होती, त्याच्या पुढे आता बत्तीसच राहिली. दोन तासात, आठवड्याला. मोठी गोष्ट आहे आणि मी ती लपवणार नाही, टेक्नॉलॉजीच्या विरुद्ध लिहायचंय म्हणून मी हे लिहीत नाहीये. पण तोच पेपर पुढे वाचला तर अजून दोन गोष्टी आहेत. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानी परत मोजलं तर ती वाढ साधारण ०.१० वर आली होती, बरीचशी विरघळली. आणि त्याच अभ्यासात दुसरा एक कार्यक्रम होता, बालसखी. वस्तीतली दहावी-बारावी झालेली मुलगी, वर्गातली जी मुलं मागे पडलीयेत त्यांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची, वाचन आणि आकडे, बाकी काही नाही. तिचा परिणाम दुसऱ्या वर्षी ०.२८. कॉम्प्युटरपेक्षा कमी. पण खर्च बघा, संशोधकांनी डॉलरमधे मांडलाय, कॉम्प्युटरचा एका मुलामागे वर्षाला १५ च्या वर आणि बालसखीचा सव्वादोन. आणि बालसखीला वोल्टेज लागत नाही हे माझ्याकडून.

तेच चार कॉम्प्युटर. सुरुवातीला धूळ खात होते आणि नंतर त्याच मशीनवर पोरं गणितात पुढे गेली, मग मधे बदललं काय? ठरलेला वेळ आला, मुलाच्या पातळीचा प्रश्न आला, शेजारी एक भिडू आला आणि खोलीत एक माणूस आला. आमच्या शाळेच्या पॉलिसीत ह्या चारांपैकी एकही शब्द नाही. त्यात जप्त आहे, दंड आहे आणि सही आहे.

ह्याच लिंडननी नंतर गुजरातेतच अजून एक अभ्यास केला, ज्ञानशाळा नावाच्या संस्थेच्या वर्गांमधे. तिथे कॉम्प्युटरचा तास दोन प्रकारे लावून बघितला. एका ठिकाणी शाळेच्या वेळात, म्हणजे शिकवायचा तेवढा वेळ काढून घेऊन, आणि दुसऱ्या ठिकाणी शाळेबाहेरच्या वेळात, जास्तीचा म्हणून. पहिल्या प्रकारात मुलं उलट मागे गेली आणि दुसऱ्यात पुढे गेली, त्यातही मागे पडलेल्या मुलांना जास्त फायदा झाला. सॉफ्टवेअर तेच हं. ज्ञानशाळेचं शिकवणं मुळात चांगलं होतं, तिथला तास काढून घेतल्यावर नुकसान होणारच. आमची आई मेथीच्या भाजीवाल्याला विचारते ना, पाच रुपये कमी करतोस ते ठीक पण जुडी केवढी, तसं प्रत्येक नव्या ॲपला विचारायला पाहिजे की बाबा तू येतोयस त्या जागी कोण होतं.

आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड आला तेव्हा कोण गेलं? खडू-फळा गेला, सगळे खुश, मी पण. मग मुलाला विचारलं आज समाजशास्त्रात काय झालं, तर म्हणे टीचरनी प्ले केलं, त्यातल्या बाईनी वाचलं, मग नेक्स्ट केलं. आणि तू? मी बघितलं. फळ्यावर लिहिलेलं तास संपेपर्यंत तिथेच राहायचं, हळू लिहिणारं मूल आपल्या गतीने उतरवायचं, मान वर, मान खाली, त्या वर-खालीत थोडं डोक्यात जायचं. स्लाइड गेली की गेली. आणि मागच्या बाकावरच्याला खिडकीच्या उजेडात बोर्ड चमकतो, दिसतच नाही, पण तो सांगत नाही कारण बाकीच्यांना दिसतंय. एकदा मात्र घरी येऊन पोरगा अर्धा तास बोलत होता, हृदयाच्या झडपा कशा उघडतात मिटतात त्याबद्दल. कारण सायन्सच्या सरांनी व्हिडिओ मधेच थांबवला आणि विचारलं, आता ही झडप मिटली नाही तर रक्त कुठे जाईल. सगळ्यांनी आपापल्या वहीत बाण काढले, मग व्हिडिओ पुढे. सहा मिनिटांचा व्हिडिओ, सगळा तास त्याच्यावर. तो बोर्ड त्या दिवशी वसूल झाला असं मी म्हणेन.

बरं, हे काही नवीन नाहीये बडोद्याला. सयाजीरावांनी १८९३ मधे अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण करून बघितलं आणि १९०६ मधे सगळ्या राज्यात लावलं, हे तर पाठच असतं आपल्याला. पण मला जास्त आवडतं ते पुढचं. १९१० मधे त्यांनी बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला, मांडवीला सेंट्रल लायब्ररी उभी राहिली, ती काचेच्या फरशीची, आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या. त्याच ग्रंथालय खात्यात चित्रं आणि सिनेमा दाखवून शिकवणारी वेगळी शाखा होती, मॅजिक लॅन्टर्न, स्टिरिओस्कोप असली त्या काळातली यंत्रं घेऊन. म्हणजे त्या वेळचा स्मार्ट बोर्डच. आणि गावाला वाचनालय पाहिजे असेल तर एक तृतीयांश पैसे गावानी जमवायचे, एक तृतीयांश पंचायतीनी, एक तृतीयांश सरकारनी. फुकट पेटी फेकून सरकार मोकळं झालं असं नाही, गावानी आधी मागायचं, आपल्यातलं कोणीतरी ती सांभाळायचं. आमच्याकडे आधी मशीन येतं, मग ते कोणासाठी आलं हे शोधतात, आणि मधल्या काळात ते खोलीला कुलूप लावून सुरक्षित ठेवतात.

शिक्षकांना दोष द्यायचा मला हक्क नाही कारण माझी वहिनीच सरकारी शाळेत आहे. तिचा दिवस ऐका. सकाळी हाजरी ऑनलाईन. एकम कसोटी, म्हणजे घटक चाचणी, घ्यायची, तपासायची आणि मग प्रत्येक मुलाचा प्रत्येक प्रश्नाचा मार्क ऑनलाईन भरायचा. कार्यक्रम झाला की फोटो ग्रुपवर. हे सगळं वर जातं, गांधीनगरला विद्या समीक्षा केंद्र आहे, मोठमोठे स्क्रीन लावलेत, राज्यातल्या शाळांची माहिती तिथे दिसते. वाईट नाही ते, कुठली शाळा मागे पडतीये ते कळलंच पाहिजे कोणाला तरी. पण वहिनी म्हणते, अगं ताई, भूमीला हातच्याची वजाबाकी येत नाही हे मला तिच्या तोंडावर दिसतं, ते भरायला मला वीस मिनिटं लागतात आणि त्या वीस मिनिटांत मी तिला वजाबाकी शिकवली असती. (नाव बदललंय मुलीचं.) वर जाणाऱ्या माहितीच्या बदल्यात खाली काय येतं असं विचारलं तर ती हसली, म्हणे अजून एक फॉर्म येतो. आता मला सांगा, ह्या बाईला रात्री नऊ वाजता उद्याचं लेसन टाकायची वेळ येणार नाही तर काय होणार. तिचा दिवस पण ॲपनी खाल्लाय. म्हणून मी म्हणते बंधन शाळेवर, शाळा म्हणजे शिक्षक असं नाही, मॅनेजमेंट आणि शिक्षण खातं.

आणि असं बंधन घालता येतं, घातलेलं आहे. कोरोनाच्या वेळी जुलै २०२० मधे केंद्र सरकारनी प्रज्ञाता नावाच्या सूचना काढल्या होत्या, त्यात स्पष्ट होतं की पहिली ते आठवीला ऑनलाईन वर्ग दिवसाला जास्तीत जास्त दोन, तेही ३० ते ४५ मिनिटांचे, आणि पहिलीच्या आधीच्या, बालवाडीतल्या छोट्यांना अर्ध्या तासाच्या वर नको. म्हणजे मर्यादा शाळेला घातली होती, पालकाला नाही. शाळा उघडल्या आणि ती मर्यादा हवेत गेली, ॲप मात्र राहिलं. निदान तेव्हा कोणीतरी मिनिटं मोजत होतं.

बाहेरच्या देशांची उदाहरणं आता व्हॉट्सॲपवर भरपूर फिरतात. फ्रान्सनी २०१८ मधेच शाळेत फोन बंद केले, नेदरलँड्सनी जानेवारी २०२४ पासून वर्गात बंद केले, स्वीडन छापील पुस्तकांवर परत पैसे खर्च करतंय. हे सगळं पाठवून लोक लिहितात, बघा, आपण अजून झोपलोय. मला ते तसंच्या तसं उचलणं पटत नाही. स्वीडनमधल्या मुलाच्या शाळेत टॅबलेटचा सुकाळ झाला म्हणून ते कमी करतायत, इकडे बडोद्यातल्या वाडी किंवा तरसाली भागातल्या सरकारी शाळेतल्या मुलीला शाळेतला कॉम्प्युटर हाच एकमेव कॉम्प्युटर आहे, तो बंद करून तिचं काय भलं होणार. दक्षिण कोरियाचं उदाहरण मात्र मन लावून बघण्यासारखं आहे. त्यांनी मार्च २०२५ मधे एआयची डिजिटल पाठ्यपुस्तकं शाळेत आणली आणि ऑगस्टमधे त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून घेतला, आता ती पूरक साहित्य म्हणून, पाहिजे तर वापरा. पाच महिन्यांत. एवढा पैसा आणि एवढी शिस्त असलेल्या देशात हे झालं, आणि आपल्याकडे २०२६-२७ पासून तिसरीपासून एआय आणायचं जाहीर झालंय. आणा, पण आधी कोणीतरी ह्या पाच महिन्यांचा हिशोब वाचा.

एआयचं आलंच आहे तर माझ्या घरातलंच सांगते. जानेवारीत निबंध होता, माय फेव्हरिट फेस्टिव्हल उत्तरायण. पोरानी वीस मिनिटांत लिहून आणला, इंग्रजी इतकं सुंदर की मला शंका आली. वाचलं तर त्यात कुटुंब पतंग घेऊन बागेत जातं, गवतावर चादर घालतं, सँडविच खातं आणि संध्याकाळी घरी येतं. अरे, म्हटलं, तू बडोद्याचा ना? गच्ची कुठाय? ऊंधियू-जलेबी कुठाय? काप्यो छे म्हणून घसा बसेपर्यंत ओरडतोस ते कुठाय? मांजानी बोट कापलं होतं त्यावर बाबांनी हळद लावली ते? तर म्हणतो, ते मी लिहिलं असतं तर ग्रामरच्या चुका झाल्या असत्या, मार्क गेले असते. आणि खरंच त्या निबंधाला गुड मिळाला. लाल पेननी, सहीसकट.

आता ह्यात मुलाला काय बोलणार. त्यानी हिशोब बरोबर केला. शाळा व्याकरणाला मार्क देते, गच्चीला देत नाही, तर तो गच्ची कशाला लिहील. एआय बंद म्हणून पॉलिसीत एक ओळ टाकून हे सुटत नाही, कारण पकडणार कसं, टीचरला चाळीस निबंध तपासायचेत. पण निबंध वर्गातच लिहायला लावला, अर्धं पान, चुकांसकट, आणि मग उभं राहून दोन मिनिटं सांगायला लावलं की बोट कसं कापलं, तर मशीनचा काही उपयोगच होणार नाही. ते शाळेनी बदलायचं आहे, मुलानी नाही. मग घरी पाहिजे तर त्याच एआयला विचारू दे की माझ्या ह्या वाक्यात काय चुकलं, तो वापर मला चालेल, चांगला आहे तो.

बंदीच्या बाबतीत एक गोष्ट राहिली. आमच्या बिल्डिंगमधे एक मुलगी आहे, नववीत, तिला खूप कमी दिसतं. ती पुस्तकाच्या पानावर फोन धरून अक्षर मोठं करून वाचते, आणि डोळे दुखले की फोन तिला वाचून दाखवतो. तिच्या शाळेत गेटवर सगळ्यांचे फोन जमा. तिच्या आईनी अर्ज दिला, डॉक्टरचा कागद दिला, तर उत्तर आलं की एकाला सूट दिली तर सगळे मागतील. सगळे म्हणजे कोण, सगळ्यांना काय मोतीबिंदू झालाय का. चष्म्याला सूट लागत नाही आणि फोनला लागते, कारण पॉलिसी लिहिणाऱ्यानी फोन म्हणजे रील्स एवढंच डोक्यात ठेवलंय.

आणि ॲपची परवानगी. लेसनच्या ॲपला माझे कॉन्टॅक्ट, लोकेशन, गॅलरी कशाला पाहिजे मला कळलं नाही, विचारलं तर ऑफिसमधे म्हणाले सगळ्यांनी अलाऊ केलंय, तुमचंच काय. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची संमती लागते असं लिहिलंय. संमती म्हणजे नाही म्हणायची पण सोय असणं, असा माझा समज आहे.

मी मग बसून एक कागद लिहिला, मराठीत लिहिला आणि मुलाकडून गुजराती करून घेतला कारण त्याचं गुजराती माझ्यापेक्षा चांगलं. त्यात असं लिहिलं की लेसन शाळा सुटायच्या आत वहीत लिहून दिलं जावं आणि संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर फक्त सुट्टीची किंवा संकटाची खबर यावी, पाचवीपर्यंत घरचं कुठलंच लेसन फोनवर अवलंबून नसावं आणि त्यापुढे ज्याला फोन नाही त्याच्यासाठी शाळेची कॉम्प्युटर रूम सुटल्यावर तासभर उघडी असावी, तिथे एक माणूस असावा, मोठ्या वर्गातली मुलं असली तरी चालतील, बडोद्याच्या म्युनिसिपल शाळांत पाच दिवसांच्या ट्रेनिंगवर हे झालेलं आहे. लाल ठिपके सगळ्यांना दिसू नयेत. कुठलंही नवीन ॲप घ्यायच्या आधी ते कुठल्या तासाच्या जागी येणार ते नोटीस बोर्डवर लावावं आणि टर्म संपल्यावर मुलांना त्यातलं काय येतं हे त्याच बोर्डवर लावावं. ज्या मुलाला दिसण्या-ऐकण्यासाठी यंत्र लागतं त्याला गेटवर अडवू नये. आणि मुलांना फोन आणायला बंदी, ती राहू दे, ती मला मान्य आहे, पण वर्ग चालू असताना टीचरला मॅनेजमेंटच्या ग्रुपवर फोटो टाकायला लावू नका, कारण मुलं बघतात.

मागच्या शनिवारी परत मीटिंग होती, तिथे हे वाचून दाखवायला उभी राहिले. अर्धं झालं. रिक्षावाले भाई मागे उभे होते, ते म्हणाले बेन बरोबर बोलतायत, आणि मग दोन-तीन आया पण बोलायला लागल्या, एकीनी तर सांगितलं की ती लेसनसाठी फोन मिळावा म्हणून नवऱ्याशी रोज भांडते. प्रिन्सिपल मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, चांगल्या आहेत त्या तशा. म्हणाल्या, वेरी गुड सजेशन्स, वेळ कमी आहे, तुम्ही एक काम करा, हे सगळं ग्रुपवर टाका म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

ग्रुप ओन्ली ॲडमिनवाला आहे. मी घरी येऊन टाकायला गेले तेव्हा कळलं. सोमवारी ऑफिसमधे जाऊन कागद हातात दिला, क्लार्कभाईंनी झेरॉक्सवर शिक्का मारून दिला, तारीख टाकली, आणि म्हणाले बेन, ह्याची पीडीएफ असेल तर बरं पडेल.